मधल्या नावाचा माणूस

सिंगापुरात निशिकांत आठल्येला निम्मे लोक मिस्टर उल्हास म्हणून ओळखतात.

तो उल्हास नव्हे. उल्हास त्याचा मित्र होता.

हे सुरू झालं सेम्बावांगच्या शाळेत. तन्मय पहिलीत होता. पालकसभेला निशिकांत गेला, तर वर्गशिक्षिकेने हसून विचारलं, "मिस्टर उल्हास?" इथल्या तमिळ घरांत मुलाच्या नावापुढे बापाचं नाव येतं, हे त्या बाईंना ठाऊक होतं. मुलाचं नाव तन्मय उल्हास देवल. त्यांचा अंदाज बरोबर होता, समोरचा माणूस तेवढा दुसरा होता. निशिकांत क्षणभर थांबला आणि म्हणाला, "येस."

मग ते अंगवळणीच पडलं. दवाखान्यात, पोहण्याच्या क्लासात, कुठेही मिस्टर उल्हास अशी हाक आली की हा उठायचा. बायको, स्मिता, म्हणायची, "अरे, एकदा सांगून टाक ना त्यांना."

"कशाला? त्याला कुणीतरी हाक मारतंय. मारू दे."

उल्हास देवल आणि निशिकांत कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात एका खोलीत राहत. खोलीत टेबल एकच. उल्हास पहाटे उठणारा, निशिकांत जागरण करणारा, त्यामुळे टेबलावरून कधी भांडण झालं नाही. इस्त्रीचा शर्टही दोघांत एकच होता. ज्याची तोंडी परीक्षा आधी, त्याने तो घालायचा. पुढे निशिकांत सिंगापूरला आला. उल्हास पुण्यात राहिला, त्याने स्मिताशी लग्न केलं, त्यांना मुलगा झाला. मुलगा नुकता बोलायला लागला होता तेव्हा एका पावसाळ्यात उल्हासला डेंग्यू झाला. साधा ताप आहे म्हणत म्हणत तो गेला.

निशिकांत दर सुटीत पुण्याला जाऊन स्मिताच्या घरी बसून यायचा. पोराला खेळवायचा. दोन वर्षं अशी गेल्यावर त्याने स्मिताला सरळ विचारलं. नातेवाइकांत कुजबुज झाली. एका मावशीने तोंडावर ऐकवलं, "मित्राची खोली सोडलीस, संसार बरा धरलास." स्मिताने मावशीला चहा दिला आणि निशिकांतला आत बोलावून एवढंच म्हणाली, "मी येते. पण पोराच्या नावाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," तो म्हणाला.

आणि त्याने लावला नाही.

निशिकांतचं काम जहाजांच्या रंगाचं. रंगवायचं नव्हे, रंग तपासायचं. पूर्वी यार्ड घराजवळ होतं, सेम्बावांगलाच. आता कंपनीची बस त्याला पहाटे बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेते. जहाजाच्या अंगावर एकावर एक थर चढतात. प्रत्येक थराचा रंग मुद्दाम वेगळा ठेवतात, म्हणजे वरचा थर कुठे राहिला तर खालचा डोकावतो. पोटात शिरून, टॉर्च धरून, हा डोकावणाऱ्या जागा शोधत फिरतो आणि खडूने गोल करतो. तन्मय लहानपणी चित्रात रंग भरायचा तेव्हा निशिकांतचं बोट आपोआप सुटलेल्या जागेवर जायचं. "काका, धिस इज नॉट अ शिप," तन्मय ओरडायचा.

काका. पहिल्या दिवसापासून काका. त्याला दुसरं काही म्हणायला कुणी सांगितलं नाही, आणि ते आपण होऊन सांगायची निशिकांतची छाती झाली नाही.

त्याची आणखी एक सवय सगळ्या मजल्याला माहीत होती. बस पकडायला निघाला की कॉरिडॉरमधल्या प्रत्येक कुंडीखालची थाळी तो उचलून पाहायचा. पाणी दिसलं की ओतून टाकायचा. स्वतःच्या कुंड्यांच्याच नव्हे, सगळ्यांच्या. शेजारच्या लिम आजी त्याला सरकारी माणूस समजत होत्या. तन्मयला या सवयीची लाज वाटायची. मोठा झाल्यावर एकदा त्याने आईला कारण विचारलं. तिने सांगितलं. त्यानंतर तो त्यावरून कधी काही बोलला नाही.

तर असा हा माणूस. त्याची इच्छा एकच होती, आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. मनातल्या मनात तो एक नाव म्हणून पाहायचा. तन्मय उल्हास आठल्ये. मधे मित्र, शेवटी आपण. कुणाचं काही पुसायचं नाही, फक्त शेवटी थोडी जागा मिळावी. पण शब्द दिलेला होता. आता तन्मयला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. इथे कायम राहणाऱ्यांच्या मुलांनाही लष्करात दोन वर्षं काढावी लागतात. त्याचं बोलावणं आलं होतं. तिथून तो बाप्या होऊन परत येणार. मग कोण आपला आणि कोण आईचा नवरा, हे त्याच्या मनात पक्कं झालेलं असणार. निशिकांतला वाटायचं, आपलं काय ते या महिन्याभरात कळेल. पण विचारायचं कसं, हे त्याला सुचत नव्हतं.

अशात त्याच्या हाती ती चिठ्ठी आली.

यिशुनला प्रबोध म्हणून एक आयटी मॅनेजर राहतो. त्याच्या घरी काही मराठी कुटुंबं अधूनमधून जमतात. खेळ असा की प्रत्येकाने फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने पुढच्या वेळी त्या माणसाचं आयुष्य सांगायचं. कागद धरायचा नाही, पडद्यावर चित्रं दाखवायची नाहीत. आणि सांगणाऱ्याला मधे कुणी टोकायचं नाही. चुका काढायच्या त्या नंतर, चहाबरोबर. निशिकांत आजवर फक्त ऐकायला आणि चहाला जायचा. त्या दिवशी प्रबोधने वाडगा त्याच्यापुढे धरला. "आठल्ये, आता सुटका नाही. किती वर्षं फुकट वडे खाणार?"

चिठ्ठी गार्गीची होती. ती विद्यापीठात संशोधन करते. तिने लिहिलं होतं : अमेरिकेचे अध्यक्ष ग्रांट यांचा थोरला मुलगा, फ्रेडरिक. बापाबरोबर १८७९ मध्ये मुंबईहून हिंदुस्थान पाहत पाहत आपल्या सिंगापुरात येऊन गेला.

निशिकांत बसमध्ये फोनवर वाचायला लागला. पहिल्यांदा त्याला गंमत वाटली. मुंबईहून सिंगापूर म्हणजे आपलीच वाट. मग मुलाचं पूर्ण नाव समोर आलं. फ्रेडरिक डेंट ग्रांट.

तो अडखळला. बापाचं नाव युलिसिस. मग मधे हा डेंट कोण?

मधलं नाव बापाचं असतं. हे कुणी शिकवावं लागत नाही. त्याने पुढे शोधलं. लष्करी शाळेत ग्रांटबरोबर एका खोलीत राहणारा एक मित्र होता. त्याचं नाव फ्रेडरिक डेंट.

बस यार्डाच्या फाटकातून आत गेली. सगळे उतरले. निशिकांत तसाच बसून राहिला.

त्याच्यापुरतं सगळं जुळलं. खोलीतला मित्र गेला असणार. ग्रांटने त्याच्या मुलाला आपला म्हणून वाढवलं. मित्राचं नाव मधे ठेवलं आणि आपलं शेवटी जोडलं. इतक्या मोठ्या माणसाने हे केलं होतं, आणि जगाने ते चालवून घेतलं होतं. त्यानंतर त्याने फ्रेडरिकच्या आयुष्यातलं सगळं वाचलं, लढाया, लग्न, मुलंबाळं. फक्त त्या मधल्या नावाचा आणखी शोध घेतला नाही. जे सापडलं ते त्याला मोडायचं नव्हतं.

स्मिताला त्याने काही सांगितलं नाही. तन्मयला मात्र म्हणाला, "यायचं हं त्या दिवशी."

"आय नो नथिंग अबाउट धिस ग्रांट लाह." इथल्या पोरांसारखा त्याच्याही इंग्रजी वाक्याला शेवटी हा लाह असायचा.

"म्हणून तर ये."

प्रबोधच्या दिवाणखान्यात निशिकांत भिंतीला टेकून उभा राहिला. स्मिता सतरंजीवर पुढेच बसली होती, तन्मय दाराजवळ, हातात फोन. निशिकांत गोष्ट सांगू शकतो हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

तो म्हणाला, "युद्ध चालू होतं. ग्रांट सेनापती. मुलगा बारा वर्षांचा. मुलाला बोटीवर झोपलेला ठेवून बाप लढाईवर निघून गेला. पोराला जाग आली. बाप नाही. तेव्हा ते पोर उठलं आणि तोफांचा आवाज येईल त्या दिशेने चालायला लागलं. एकटं. चालत चालत बापापर्यंत पोचलं. पुढे त्याच युद्धात पायाला गोळी लागली, तरी ते घरी गेलं नाही."

मग त्याने सांगितलं, की हा मुलगा लष्करी शाळेत शेवटून मोजायच्या नंबरांत पास झाला. लोक हसले, बाप काही बोलला नाही. शिकागोच्या आयडा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि पहिली मुलगी थेट व्हाइट हाउसमध्ये जन्माला आली. बापाबरोबर तो जग फिरला. शेवटी बापाला घशाचा कॅन्सर झाला. आवाज गेला. बाप खुर्चीत बसून आपल्या आठवणी लिहायचा आणि मुलगा शेजारी बसून तारखा, गावं, पलटणी तपासून द्यायचा.

"आणि आता सांगतो ते ऐका," निशिकांत म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हा मुलगा ग्रांटचा नव्हता. नाव बघा. फ्रेडरिक डेंट ग्रांट. डेंट हा ग्रांटचा मित्र. एका खोलीत राहायचे दोघं. त्याचा हा मुलगा. ग्रांटने मित्राचं नाव काढलं नाही. मधे तसंच राहू दिलं. आमच्या कामात खालचा थर खरवडून वरचा लावत नाहीत. खालचा असतो म्हणून वरचा धरतो. ग्रांटला ते कळत होतं. आणि त्या पोरालाही. नाहीतर तोफांकडे कोण चालत जातं?"

चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

मधलं नाव बापाचं, याबद्दल तिथे कुणालाच शंका नव्हती. एक सोडून. गार्गीने तोंड उघडलं होतं आणि नियम आठवून मिटलं होतं. स्मिता खाली सतरंजीकडे पाहत होती. तन्मय फोनकडे पाहत होता. मग त्याने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

चहा आला. गार्गी कप घेऊन निशिकांतकडे निघाली. "काका, गोष्ट अप्रतिम, पण एक छोटंसं..."

तन्मय मधे आला. त्याच्या हातात वड्यांची ताटली होती. "गार्गीताई, वडा घे. गरम आहे."

"अरे, मी त्यांना फक्त..."

"आय नो. नंतर. प्लीज."

गार्गीने त्याच्याकडे पाहिलं आणि वडा घेतला.

सेम्बावांगला गरम पाण्याचा झरा आहे. सरकारने तिथे बाग केली आहे. लोक सकाळी येतात, पाय सोडून बसतात, बादलीत ऊन पाणी घेऊन अंडी उकडतात. निशिकांत आणि तन्मय रविवारी तिथे जातात, तन्मय लहान असल्यापासून. पुढच्या रविवारीही गेले. लष्करात जायच्या आधीचा तो शेवटचा रविवार होता. बादलीत अंडी होती, दोघांचे पाय पाण्यात.

तन्मय म्हणाला, "काका, एक सांगू? चिडू नकोस."

"बोल."

"डेंट त्याच्या आईचं नाव आहे. माहेरचं. ज्युलिया डेंट. तो रूममेट तिचा भाऊ. म्हणजे मामा. आजोबांचं नावपण फ्रेडरिक डेंट. त्यांच्यात असं मधे ठेवतात."

निशिकांतने पाण्यातला पाय वर घेतला. पुन्हा आत सोडला.

"म्हणजे मुलगा ग्रांटचाच?"

"ओन सन. रिअल वन."

"मग मी ते सगळं जे बोललो..."

"रॉन्ग लाह. ऑल रॉन्ग. तोफांचं सोडून. ते खरं आहे, मी चेक केलं."

निशिकांत समोर पाहत राहिला. पलीकडे एक चिनी आजोबा नातवाच्या पायांवर मगाने पाणी घालत होते. "तुला कधी कळलं?"

"तिथेच. तू बोलत होतास तेव्हाच शोधलं."

"मग सांगितलं का नाहीस? माझी शोभा झाली की सगळ्यांपुढे."

"तू रडत होतास." तन्मयने चमच्याने एक अंडं फिरवलं. "आणि मला वाटलं, असू दे ना. खरं असतं तर मला आवडलं असतं."

निशिकांतने मान वळवली नाही. वळवली असती तर त्याला चष्मा काढावा लागला असता.

थोड्या वेळाने तन्मय म्हणाला, "मी माझं नाव बदलणार नाही, काका. देवलपण नाही, उल्हासपण नाही. मला ते स्वतः आठवतपण नाहीत. नाव तेवढं आहे."

"बदलायचं नाहीच," निशिकांत म्हणाला. हे तो किती चटकन आणि किती खरं बोलला, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मनातल्या मनात इतकी वर्षं म्हटलेलं ते नाव त्याने आठवून पाहिलं. तिथे आता काही दुखलं नाही. "आईला शब्द दिलाय मी. आणि तो माझा मित्र आहे. तुझ्या आधीपासून."

"कसे होते?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न तन्मयने त्याला कधी विचारला नव्हता. आईला विचारायचा. निशिकांतने विचार केला.

"आमचा एक शर्ट होता," तो म्हणाला.

अंडी जरा जास्तच उकडली.

घरी येऊन निशिकांतने प्रबोधच्या ग्रुपवर लिहिलं : मागच्या गोष्टीत माझी मोठी चूक झाली. फ्रेडरिक हा ग्रांटचा सख्खा मुलगा. डेंट हे त्याच्या आईचं माहेर. क्षमस्व.

प्रबोधने लिहिलं : म्हणजे आम्ही उगाच रडलो?

त्याखाली गार्गीने लिहिलं : उगाच नाही.

त्या दिवशी स्मिता पोळ्या लाटत होती. निशिकांतने तिला दाखवलं. तिने पिठाच्या हाताने फोन न धरता वाकून वाचलं. "डेंट कोण ते मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण तू कुणाची गोष्ट सांगतोयस ते तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं, निशी." मग तव्यावरची पोळी उलटली. "एवढं मनात होतं तर मला एकदा म्हणायचंस तरी."

"शब्द दिला होता."

"शब्द नाव न बदलण्याचा होता. गप्प बसण्याचा नव्हता."

नव्या शिपायांना तेकोंग बेटावर नेतात. घरची माणसंही बरोबर जाऊ शकतात. बोट छोटी होती आणि समुद्र शांत. तन्मयने कालच डोक्यावर मशीन फिरवून घेतलं होतं, स्मिता सारखी त्या डोक्याकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "नारळासारखं दिसतंय."

"आई. पब्लिक."

बेटावर घरच्यांना बराकी दाखवल्या, पलंग दाखवले, चादर कशी घालायची ते दाखवलं. निशिकांतने लोखंडी पलंगाच्या पायावरून नकळत बोट फिरवलं. थर बरा होता. मग मुलांना एका बाजूला उभं केलं. एक तरुण सार्जंट एकेक नाव घेऊन घरच्यांना बसायच्या जागा दाखवत होता. वयाने तो तन्मयहून फार मोठा नसावा.

"तन्मय उल्हास," तो म्हणाला आणि समोर पाहून हसला. "मिस्टर उल्हास?"

निशिकांतचं तोंड सवयीने उघडलं.

"नो, सार्जंट," तन्मय म्हणाला. ताठ उभा राहून, समोर पाहत. "ही इज मिस्टर आठल्ये. निशिकांत आठल्ये."

सार्जंट गोंधळला. "देन उल्हास हू?"

"माय फादर, सार्जंट."

"देन ही?"

तन्मयने थोडा विचार केला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि डोक्यावर केस नसल्यामुळे ते लपत नव्हतं.

"ऑल्सो फादर, सार्जंट."

सार्जंटने दोघांकडे पाहिलं. रांगेत मागे बरीच माणसं होती. "ओके," तो म्हणाला. "फादर, मदर, धिस साइड."

निशिकांत त्या बाजूला गेला. शपथ झाली. सगळी मुलं एका आवाजात बोलली, त्यातला तन्मयचा आवाज कुठला ते त्याला ओळखू आलं नाही. नंतर घरच्यांना मुलांबरोबर जेवायला नेलं. भात, कोंबडी, एक संत्रं. तन्मय भराभर जेवत होता. तिसऱ्यांदा "काका, तू जेव ना" म्हणाला. हाक तीच होती. निशिकांतला दुसरी नको होती.

जायची वेळ झाली. जेवणघराच्या दाराशी काही कुंड्या होत्या. निशिकांत थांबला. वाकला. पहिल्या कुंडीखालची थाळी उचलली आणि पाणी गवतावर ओतलं. मग दुसरीची.

"निशी," स्मिता म्हणाली, "बोट सुटेल. इथेसुद्धा?"

"इथे तर राहणार आहे तो," निशिकांत म्हणाला.

तिसऱ्या कुंडीपर्यंत तन्मय मागून आला होता. काही न बोलता त्याने चौथी थाळी उचलली.